उंदराचं औषध तोंडात गेलं, लेकरू मात्र खेळतंय. मग पुन्हा रक्त का तपासायचं?

पत्र

आम्ही नागपूरच्या महाल भागात जुन्या वाड्यात राहतो, एकत्र कुटुंब आहे. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माझा अडीच वर्षांचा मुलगा गव्हाच्या कोठीमागून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात उंदरांसाठी ठेवलेली निळी वडी होती. कोपरा कुरतडलेला आणि ओठांना निळा रंग लागलेला. लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. वेष्टनही दाखवलं, त्यावर ‘ब्रोमाडियोलोन ०.००५%’ असं आहे. रक्त तपासलं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) १.१ आला. डॉक्टरांनी काही औषध न देता घरी पाठवलं आणि गुरुवारी संध्याकाळी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. सासरे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, पोरगं खेळतंय, आता पुन्हा सुई कशाला? (ते स्वतः हृदयाची झडप बदलल्यापासून ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात.) मला मात्र झोप लागत नाही. आमच्याच गल्लीतल्या १९ वर्षांच्या मुलाने दोन महिन्यांपूर्वी उंदराची पेस्ट खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी बरा वाटला म्हणून घरच्यांनी सही करून घरी आणला आणि चौथ्या दिवशी पिवळा पडून तो आयसीयूत गेला. वाचला, पण गप्प गप्प असतो. मग माझ्या मुलाला घरी कसं पाठवलं? मेडिकलच्या दुकानातून व्हिटॅमिन के आणून देऊ का? आणि उरलेल्या वड्यांचं काय करू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र आज बुधवारी सकाळी मिळालं. प्रश्न वेळेचा आहे, म्हणून उत्तर आजच देतो आहोत. उद्या संध्याकाळी मुलाला तपासणीला न्याच. आणि आज रात्री निवांत झोपा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण दोन्ही खऱ्या आहेत.

तुमच्या मुलाच्या तोंडात गेलं ते आणि शेजारच्या मुलाने खाल्लं ते, ही दोन पूर्णपणे वेगळी विषं आहेत. आपण सगळ्यांनाच ‘उंदराचं औषध’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो. एक रक्त पातळ करतं, एक यकृत जाळतं, एक पोटात वायू तयार करून हृदयावर घाव घालतं. पेशंटचं पुढे काय होणार हे सगळ्यात आधी यावरून ठरतं की पाकिटात नेमकं काय होतं. तुम्ही वेष्टन सोबत नेलंत, त्यामुळेच डॉक्टर इतक्या शांतपणे निर्णय घेऊ शकले.

आधी तुमच्या वडीबद्दल. ०.००५ टक्के म्हणजे १०० ग्रॅम वडीत ५ मिलिग्रॅम औषध. कुरतडलेला कोपरा अर्धा ग्रॅम धरला आणि तो सगळा पोटात गेला असं मानलं, तरी ते ०.०२५ मिलिग्रॅम होतं. लहान मुलं पुष्कळदा यातलंही बरंचसं थुंकतात, कारण चांगल्या वड्यांमध्ये मुद्दाम जहाल कडू पदार्थ घातलेला असतो. एकदाच, चुकून, एवढासा कण खाल्लेल्या मुलांना रक्तस्रावाचा त्रास होणं फार क्वचित घडतं. म्हणून पोट धुतलं नाही, भरती केलं नाही. त्यात हयगय नव्हती. योग्य तेच केलं.

मग गुरुवारची तपासणी का? हे तुमच्या सासऱ्यांना सगळ्यात चटकन कळेल, कारण त्यांची ॲसिट्रॉम आणि ही वडी एकाच पद्धतीने काम करतात. आपलं यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं. ही औषधं वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा कामाला लावणारी यंत्रणाच बंद पाडतात. पण रक्तात आधीपासून तयार असलेले घटक त्याच क्षणी संपत नाहीत. त्यातला सगळ्यात अल्पायुषी घटक, सातवा, साधारण ६ तासांनी निम्मा होतो. बाकीचे त्याहून जास्त टिकतात. त्यामुळे विष पुरेसं गेलं असलं, तरी आयएनआर चढायला २४ ते ४८ तास लागतात. मंगळवारी रात्रीचा १.१ हा आकडा विषाच्या आधीच्या रक्ताचा आहे. खरं उत्तर ४८ तासांनंतरच्या रक्तात मिळतं. आजोबांना एवढंच विचारा: गोळीचा डोस बदलल्यावर त्यांचे डॉक्टर त्याच संध्याकाळी आयएनआर करतात, की काही दिवस थांबून?

उद्याचा आकडा १.२ च्या आत आला तर विषय संपला. वाढलेला आला तरी घाबरायचं कारण नाही, कारण या विषावर नेमका उतारा आहे: व्हिटॅमिन के-१.

पण तो आज स्वतःहून देऊ नका. आधीच के-१ दिलं तर आयएनआर काही दिवस नॉर्मल दिसत राहतो, उद्याच्या तपासणीला अर्थ उरत नाही आणि आकडा चढायचाच असेल तर तो आठवडाभराने, कोणाचं लक्ष नसताना चढतो. दुसरं म्हणजे दुकानात ‘व्हिटॅमिन के’ मागितलं की बरेचदा के-३ हातात पडतं, म्हणजे मेनाडायोन किंवा त्याच्याच जातीचं. या विषावर ते चालत नाही. पुढे कधी चिठ्ठी मिळालीच, तर पट्टीवर ‘फायटोमेनाडायोन’ हा शब्द दिसतो का ते पाहूनच घ्या. पालक-मेथी जास्त खायला घालूनही हे भरून निघत नाही.

हे विष ज्यांच्या पोटात जास्त गेलं असेल, त्यांचं काय होतं, तेही सांगून ठेवतो, कारण हे सदर इतरही वाचतात. ब्रोमाडियोलोन यकृतात ठाण मांडून बसतं. ॲसिट्रॉमचा परिणाम काही दिवसांत ओसरतो, याचा आठवडे, कधी महिने टिकतो. अशा पेशंटला एक इंजेक्शन देऊन, आयएनआर सुधारला म्हणून घरी सोडलं आणि गोळ्या चालू ठेवल्या नाहीत, तर दहा-पंधरा दिवसांनी तो नाकातून रक्त येतंय म्हणून परत येतो. के-१ च्या गोळ्या रोज, सलग काही आठवडे घ्याव्या लागतात. बंद केल्यावर दोन दिवसांनी आयएनआर, तो ठीक असेल तर काही दिवसांनी पुन्हा एकदा. मधल्या काळात डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन, ॲस्पिरिन बंद. कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. दात काढणं पुढे ढकलायचं. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, शौच डांबरासारखं काळं, कारण नसताना अंगावर निळे-काळे डाग, अचानक जोराची डोकेदुखी किंवा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही, त्याच पावली दवाखाना गाठायचा. तिथे लागलं तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) देऊन रक्त तात्पुरतं सावरता येतं. ही शिस्त पाळलेले बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात, मागे काही राहत नाही.

एक सावधगिरी. कृषी केंद्रात याच ब्रोमाडियोलोनची ०.२५ टक्क्यांची पूड मिळते, ती धान्यात कालवून आमिष बनवण्यासाठी असते. ती वडीपेक्षा ५० पट तीव्र. मुलाने अशी पूड किंवा घरी कालवलेलं आमिष खाल्लं असतं, अख्खी वडी संपवली असती किंवा चार दिवस थोडं थोडं खात असल्याचं उशिरा लक्षात आलं असतं, तर ‘थोडंसंच खाल्लं’ हा हिशेब लागू पडला नसता. आणि सासऱ्यांची गोळ्यांची डबी कुठे ठेवलेली असते, तेही आजच बघा. त्या गोळ्या मुलाच्या हाती लागणं या वडीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

आता शेजारच्या मुलाचं. ट्यूबमध्ये मिळणाऱ्या ज्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, तिचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे ती मधे उसंत देते. पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात आग, कधी तोंडाला लसणासारखा वास. कधी काहीच नाही. मग दुसरा-तिसरा दिवस पेशंट चक्क बरा असतो. जेवतो, मोबाइल पाहतो, घरी चला म्हणतो. आतमध्ये याच वेळात यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोळे पिवळे होतात, आयएनआर चढतो, साखर एकदम खाली जाते, वागणं बदलतं, झोप उलटीपालटी होते. म्हणूनच अशा पेशंटला निदान ५ ते ७ दिवस रोज रक्त तपासत नजरेखाली ठेवायचं असतं, तो कितीही हसत-बोलत असला तरी. तुमच्या शेजाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असं नाही. समोर धडधाकट दिसणारं पोरगं पाहून कोणाही आई-बापाला हेच वाटलं असतं. पण ‘सही करून नेतो’ हे वाक्य या विषात फार महाग पडतं.

पेस्टवर थेट उतारा नाही. एन-ॲसिटिलसिस्टीनची सलाईन लवकर सुरू करतात, यकृत जास्त बिघडलं तर प्लाझ्मा बदलण्याची प्रक्रिया करतात, आणि काही पेशंटना यकृत प्रत्यारोपणापर्यंत जावं लागतं. इथे आयएनआर वाढतो तो यकृतच घटक बनवत नाही म्हणून, त्यामुळे नुसतं व्हिटॅमिन के देऊन भागत नाही. शुद्ध हरपायला लागणं आणि रक्तात आम्ल वाढणं ही काळजीची लक्षणं. अशा पेशंटला रक्ताचे आकडे बिघडायला लागताच, शुद्धीवर असतानाच, यकृततज्ज्ञ आणि प्लाझ्मा बदलण्याची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं. गोंदिया-गडचिरोलीहून नागपूरला आणायचं असेल तर तिसऱ्या दिवशी निघालेलं बरं. पाचव्या दिवशी बेशुद्धावस्थेत केलेल्या प्रवासात अर्धी लढाई हरलेली असते. यातून जे बाहेर पडतात, त्यांचं यकृत बहुतेक वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तुमचा शेजारी मुलगा त्यातलाच असावा. त्याची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालू राहू द्या.

तिसरा प्रकार फॉस्फाईडचा. राखाडी-काळी पूड असेल तर झिंक फॉस्फाईड. पदपथावर बिननावाच्या पुड्यांत विकतात ती बहुधा हीच. धान्यात ठेवायच्या ‘सल्फास’ गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. पोटातल्या ओलाव्याने आणि आम्लाने यातून फॉस्फीन वायू सुटतो. रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, अंगात आम्ल साचतं. इथे खेळ दिवसांचा नाही, तासांचा असतो. गोळ्यांचं विष जास्त भयंकर, पुडीचं थोडं सावकाश चढणारं. उतारा दोघांनाही नाही. आयसीयूत रक्तदाब, हृदय आणि श्वास सांभाळून धरणं, हाच उपचार. पहिले एक-दोन दिवस निघाले की वाचण्याची आशा बरीच वाढते. या गोळ्या सर्वसामान्य माणसाला विकायला कायद्याने परवानगी नाही, तरी त्या मिळतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना कोठीत टाकल्या जातात. त्या खोलीत कोणी झोपलं तर गोळी तोंडात न घालताही वायूने जीव जातो. बंद खोलीत अख्खी कुटुंबं दगावली आहेत. तुमच्या त्या गव्हाच्या कोठीत अशी गोळी नाही ना, ते घरात नीट विचारा. एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून गहू भरले तर थोडे किडे लागतील, पण माणसं सुखरूप राहतील.

पहिल्या तासात घरच्यांनी काय करायचं, हे तिन्ही विषांना सारखंच आहे. उलटी करवायची नाही. ना मिठाचं पाणी, ना घशात बोट. दूध, तूप, तेल, कच्चं अंडं, लिंबू, काही पाजायचं नाही. फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणजे मायेने पाजलेला दुधाचा पेला त्याला रक्तात पोचवतो. फॉस्फाईडला पाणी मिळालं की वायू सुटतो. ओल्या फडक्याने तोंड आतून-बाहेरून पुसा, हात आणि नखं धुवा, माखलेले कपडे काढून पिशवीत बांधा. त्वचेवर पेस्ट असेल तर भरपूर पाण्याने धुवा, कारण सुकलेला फॉस्फरस हवेत पेट घेऊ शकतो. डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं नळाचं पाणी. पुडी किंवा गोळी असेल तर खिडक्या उघडा, उलटीवर तोंड धरून वास घेऊ नका आणि गाडीच्या काचा खाली ठेवा. मग १०८ ला फोन करा किंवा जे वाहन हाताशी असेल त्याने निघा. नागपुरात सरकारी मेडिकल रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा मिहानचं एम्स, यातलं जे जवळ असेल ते. महालातून तुम्हाला मेडिकल किंवा मेयोच बरं पडेल. वाटेत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन करता येतो. तो निःशुल्क आहे आणि चोवीस तास चालतो. आपल्या डॉक्टरांनाही तिथे बोलता येतं. सोबत तीन गोष्टी न्या: वेष्टन (ते नसेल तर उरलेलं औषध बंद डबीत), खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे किती गेलं ते. वडीचा रंग निळा, हिरवा की लाल यावरून काही कळत नाही. छापलेलं नाव लागतं.

मोठ्या माणसाने स्वतःहून खाल्लं असेल, तर घरचे पोलिसांच्या भीतीने अर्धा दिवस घालवतात किंवा डॉक्टरांना ‘चुकून गेलं’ सांगतात. दोन्ही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे की आधी उपचार, कागदपत्रं नंतर. दवाखान्यातून पोलिसांना जाणारी सूचना ही नोंद असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षेचं ते जुनं सरसकट कलम राहिलेलं नाही.

तो मुलगा गप्प असतो, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य वाचून आम्ही थांबलो. यकृत सावरलं म्हणजे मन सावरलं असं नसतं, आणि घरी परतल्यानंतरचे पहिले काही महिनेच सगळ्यात नाजूक असतात. त्याच्या आईशी तुमचं बोलणं असेल तर विचारा, मनोविकार विभागात दाखवलं का? मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे तो विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर निःशुल्क आहे, मराठीत बोलता येतं, आणि फक्त त्यानेच करायला हवा असं नाही. आई-वडीलही करू शकतात. त्याला ‘असं का केलंस’ म्हणून कोणी उभं-आडवं घेऊ नये. ‘पुन्हा तसे विचार येतात का रे?’ हे मात्र सरळ, प्रेमाने विचारावं. असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्या घरात आणि शक्य असेल तर वाड्यातही विषारी औषधं ठेवू नका. वेळ टळली तर ती इच्छा पुष्कळदा ओसरते, आणि हाताशी काही नसणं हेच त्या वेळी जीव वाचवतं.

उंदरांचं काय, हा प्रश्न उरतोच. इतवारी-महालाच्या जुन्या घरांत गडर लाइनच्या तोंडापासून आणि कौलांतून ते येत राहणार. नालीच्या तोंडाला लोखंडी जाळी लावा. भिंतीतली भोकं सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून बुजवा. अर्ध्या इंचाचं भोकही उंदराला पुरतं. पिठाचा डबा आणि भाकरीचं टोपलं रात्री उघडं राहू देऊ नका. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर कडेकडेनेच फिरतो. आत कांद्याचं भजं लावा. आमिष ठेवावंच लागलं तर ते कुलपाच्या आमिष-पेटीत ठेवा. कोठीमागे, पलंगाखाली, गॅसच्या ओट्याखाली उघडी वडी नको. अडीच वर्षांच्या मुलाची उंची आणि उंदराची वाट साधारण एकच असते.

उरलेल्या वड्या नालीत, विहिरीत टाकू नका आणि जाळूही नका. हातात पिशवी घालून उचला, दुहेरी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, वर ‘विष’ असं लिहा आणि कचऱ्याच्या गाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या; ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. आधी मोजून घ्या: पाकिटात किती होत्या, किती ठेवल्या, किती सापडल्या. एखादी कमी भरली तर उद्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेष्टन मात्र अजून फेकू नका. उद्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत ते मुलाच्या कागदांसोबतच राहू द्या.